पाच घरं, बेरीज तेरा

पाच घरांची संख्या आहे. शून्य कुठेही नाही आणि पाचही अंकांची बेरीज तेरा. अशा संख्या एकूण किती?

अकरावीच्या बॅचला हा प्रश्न मी आवर्जून देते. संभाजीनगरात पुंडलिकनगरच्या रस्त्यावर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा गणिताचा क्लास आहे. मुलं एमएचटी-सीईटीची तयारी करतात, थोडी जेईईची. बहुतेकांचे वडील चिकलठाण्याच्या नाहीतर वाळूजच्या एमआयडीसीत. काही मुलं कन्नड, सिल्लोड, फुलंब्रीकडची, इथे खोली करून राहिलेली. प्रश्न फळ्यावर आला की वह्यांत ११११९ उमटतो, मग ११११९ चीच अदलाबदल, मग १११२८, आणि तिथे गाडी अडते. कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हा कुठल्या वर्षीच्या जेईईचा?" मी सांगते, शके १०७२ चा. म्हणजे इ.स. ११५०. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला.

उत्तर ४९५ आहे. मी ते असं दाखवते: तेरा काड्या एका ओळीत मांडा. त्यांच्या मध्ये बारा फटी पडतात. त्यातल्या कुठल्याही चार फटींत रेघ मारली की तेराचे पाच भाग झाले. रेघा हलवल्या की संख्या बदलते. म्हणजे बारा फटींतून चार निवडायच्या. वर १२, ११, १०, ९ आणि खाली १, २, ३, ४. वरचा गुणाकार ११,८८०, खालचा २४, भागाकार ४९५. काड्या माझ्या, पण आकडेमोड भास्कराचार्यांची. बेरजेतून एक वजा करा, तिथून एकेक उतरत जा, घरांपेक्षा एक कमी इतके आकडे घ्या आणि एक-दोन-तीन-चारनं भागा, असा त्यांचा नियम आहे. त्यांनी एक अटही घातली आहे: बेरीज ही घरांची संख्या अधिक नऊ, याहून कमी हवी. आमच्या प्रश्नात तेरा हे चौदाहून कमी आहेत, म्हणून कुठल्याही घरात नऊच्या वरचा अंक येण्याची भीती नाही. मोठमोठ्या गाईडमध्ये ही अट सुटलेली मी पाहिली आहे. बाराव्या शतकातल्या पुस्तकात ती सुटलेली नाही.

पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनच्या धड्याची आमच्याकडे जी अवस्था आहे, तिचं मला फार वाईट वाटतं. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटं. अकरावीचा वाटा वीस टक्के, म्हणजे दहाएक प्रश्न, आणि ते अकरावीच्या बऱ्याच धड्यांत वाटलेले. या धड्याच्या वाट्याला एखाद-दोन येतात. मग हिशेब सरळ होतो: धडा ऑप्शनला टाका. ज्यांना टाकायचा नाही, त्यांच्या हातात दोन सूत्रं देतात आणि एक वाक्य पाठ करून घेतात, की क्रम महत्त्वाचा असेल तर हे सूत्र, नसेल तर ते. क्रम महत्त्वाचा आहे की नाही हे ओळखायचं कसं, ते कुणी सांगत नाही. पोरगं प्रश्नात 'अरेंज' शब्द शोधतं, 'सिलेक्ट' शब्द शोधतं, आणि दोन्ही नसले की बावचळतं.

मोजण्याच्या आधी मांडायचं असतं, आणि मांडायला बसलं की क्रमाचा प्रश्न आपोआप सुटतो, असं माझं म्हणणं आहे. ही माझी युक्ती नव्हे. ज्यांनी हे शास्त्र आपल्या भागात घडवलं, त्यांची शिकवण्याची पद्धतच अशी होती. आणि आपला भाग म्हणताना मी मोघम बोलत नाही. पुंडलिकनगरहून निघून शहर ओलांडलं की दौलताबादचा किल्ला, म्हणजे यादवांची देवगिरी. तोच रस्ता पुढे वेरूळला जातो, कन्नड गाठतो, औट्रम घाट उतरतो आणि चाळीसगावला पोचतो. तिथून अठराएक किलोमीटर आत, गौताळ्याच्या अभयारण्यात, पाटणादेवी. मोजण्याच्या या शास्त्राच्या इतिहासातली मोठी पानं या एका वाटेवर लिहिली गेली.

सुरुवात अर्थातच या वाटेवरची नाही. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु-गुरूंच्या मांडण्या आहेत. एका चरणात सहा अक्षरं असतील आणि प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असेल, तर चरणाचे प्रकार किती? ६४. त्यासाठी त्यांनी सगळे प्रकार एकाखाली एक लिहायची रीत बसवली, तिला प्रस्तार म्हणतात. दहाव्या शतकात हलायुधानं पिंगलावरच्या टीकेत आकड्यांचा मेरू मांडून दाखवला, ज्याला आमची मुलं पास्कलचा त्रिकोण म्हणून ओळखतात. पास्कल सतराव्या शतकातला. 'सुश्रुतसंहिते'त सहा रसांचे ६३ भेद मोजलेले आहेत. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त अत्तरं बनवायच्या प्रकरणात सोळा सुगंधी द्रव्यांतून चार निवडण्याचे १८२० प्रकार दिले. कवी, वैद्य, गंधी अशा सगळ्यांना मोजायची गरज पडली, आणि प्रत्येकानं आपापल्या सामानातून मोजलं.

सगळ्यांच्या सामानाला लागू पडेल असा एकच नियम महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त येतो. काळ साधारण इ.स. ८५०. हे जैन गणिती राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या आश्रयाला होते आणि ग्रंथाच्या आरंभी त्यांनी राजाची स्तुती केली आहे. राष्ट्रकूट म्हटलं की संभाजीनगरच्या माणसाला वेरूळ आठवतं. दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा लेख आहे, कैलास कृष्ण पहिल्याच्या काळचं. त्याच घराण्याच्या पदरी हा नियम लिहिला गेला. महावीरांचं एक उदाहरण मला फार आवडतं. हिरा, नीलम, पाचू, पोवळं आणि मोती हाताशी आहेत, त्यांतून एकसरी करायची, तर किती तऱ्हा होतील? एकेक, दोन-दोन असं पाचांपर्यंत निवडत गेलं की ३१. सराफ्यातला माणूस हा प्रश्न पुस्तकाशिवाय समजेल.

आता भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४, 'लीलावती' ज्याचा भाग आहे तो 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला तेव्हा वय ३६. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, असं ते स्वतः सांगतात. ते विज्जडविड कुठलं यावर विद्वानांत वाद आहे. कुणी पाटणादेवीजवळच्या पाटणकडे बोट दाखवतं, कुणी विजापूरकडे, कुणी बीडकडे. या वादात मी पडत नाही. मला त्यांचं घराणं पाटणला दगडात कोरलेलं सापडतं, तेवढं पुरे आहे.

'लीलावती'त निवडीचा नियम मिश्रव्यवहारात येतो आणि मांडणीचा शेवटच्या प्रकरणात, अंकपाशात. दोन्ही मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. निवडीच्या नियमाला लागून ते सांगतात की याचा उपयोग छंदशास्त्रात आहे, शिल्पात आहे, वैद्यकातल्या रसभेदांत आहे, आणि विस्ताराच्या भयानं सगळं इथे लिहीत नाही. मग उदाहरणं देतात. त्यातलं एक राजवाड्याचं. वाड्याला आठ दारं आहेत. एक दार उघडं, दोन उघडी, तीन उघडी, असे प्रकार किती? ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८ आणि १, एकूण २५५. दुसरं सहा रसांच्या स्वयंपाकाचं.

हे दुसरं उदाहरण मी वर्गात हातानं करून घेते. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. वहीवर वरच्या ओळीत ६ ५ ४ ३ २ १ लिहायचं आणि त्याच्या खाली १ २ ३ ४ ५ ६. आता डावीकडून चालायचं. सहा भागिले एक, सहा: एकेका रसाचे सहा पदार्थ. त्या सहाला पाचनं गुणा, दोननं भागा: १५, दोन-दोन रसांचे. पंधराला चारनं गुणा, तीननं भागा: २०. विसाला तीननं गुणा, चारनं भागा: पुन्हा १५. मग ६. मग १, सगळे रस एकत्र. बेरीज ६३. इथे कुठेही फॅक्टोरियलचं चिन्ह नाही, मोठे गुणाकार नाहीत, आणि प्रत्येक उत्तर मागच्याच्या खांद्यावर उभं आहे. सीईटीच्या हॉलमध्ये कॅल्क्युलेटर नसतो, तिथे ही रीत पुस्तकातल्या सूत्राहून लवकर होते. मुलं वापरतात. वीसच्या पुढे आकडे उलट्या क्रमानं परत का येतात, हे एखादी मुलगी आपणहून विचारते, आणि तिला उत्तरही आपणहून सापडतं: चार रस घेतले म्हणजे दोन सोडले.

मग मी पाडव्याच्या कडुनिंबाची आठवण देते. पानं, गूळ, चिंच, मीठ, मिरे, ओवा. आई आधी गूळ घालते की आधी चिंच, यानं चव बदलत नाही. वाटून एकजीव झालं की क्रम पुसला गेला. वाड्याचं आधी कुठलं दार उघडलं, तेही बाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही. आता अंकपाशातलं उदाहरण घ्या. दहा हातांचा शंभू आहे. पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधं हातोहाती बदलून धरली, तर मूर्ती किती? ३६,२८,८००. आणि गदा, चक्र, कमळ, शंख धरणाऱ्या विष्णूच्या? २४. कुठल्या हातात काय, यावर मूर्ती बदलते. केशव वेगळा, माधव वेगळा. मूर्तिशास्त्रात विष्णूची चोवीस रूपं आयुधांच्या जागेवरूनच ओळखतात. इथे क्रम पुसता येत नाही. सामान समोर ठेवलं की मुलाला 'अरेंज' आणि 'सिलेक्ट' शोधावं लागत नाही. भास्कराचार्यांनी दोन प्रकरणांना दिलेली उदाहरणंच त्याला शिकवतात.

अंकपाशात पुढे जे येतं, ते वाचताना तर प्रश्नपत्रिकाच समोर असल्यासारखं वाटतं. २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या होतात, आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? ६ संख्या, बेरीज ९,९९९. ४, ८, ५, ५, ५ पासून? २० संख्या, बेरीज ११,९९,९८८. शून्य सोडून उरलेल्या नऊ अंकांतून वेगवेगळे सहा घेऊन सहा घरांच्या संख्या किती? ६०,४८०. आणि मग शेवटी आपला बेरीज तेराचा प्रश्न. प्रकरण संपवताना ते बजावतात की इथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन काही विचारलेलं नाही, तरी गणिताचा गर्व असलेली पोरं या पाशात हमखास अडकतात. शिकवणारा माणूसच असं लिहू शकतो.

भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपाळानं त्यांना पाटणहून आपल्या दरबारी नेलं आणि पंडितांत अग्रस्थान दिलं. लक्ष्मीधरांचे पुत्र चंगदेव, हे यादव राजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी. ही माहिती पाटणच्या शिलालेखातून मिळते. डॉ. भाऊ दाजी लाडांनी हा लेख उजेडात आणला आणि १८६५ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे कीलहॉर्न यांनी १८९२ मध्ये त्याचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका'त छापलं. लेखात घराण्याची वंशावळ आहे आणि मुख्य गोष्ट अशी, की आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चंगदेवांनी तिथे मठ काढला. यादवांचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोन्हदेव, यानं १२०७ मध्ये त्याला दान दिलं. 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवायचे, असं स्पष्ट लिहिलं आहे.

लेख संस्कृतात आहे, पण शेवटी पैशापाण्याचा विषय निघाला की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. तो भाग मी पुनःपुन्हा वाचला आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते मठाला दिलं. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना जे मिळायचं ते ब्राह्मणांनी दिलं. नगरानं दामाचा विसावा हिस्सा दिला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे घाणे चालतील तेवढ्या घाण्यांमागे पळी-पळी तेल. आणि इथे जे काही मापायचं, ते मठाच्या मापानं मापायचं. मापाईतला अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापाऱ्याचा.

गणिताची शाळा कशी चालते, याचा इतका नेमका जमाखर्च आठशे वर्षांपूर्वीचा क्वचितच मिळतो. राजा, ब्राह्मण, नगर, तेली, गिऱ्हाईक, मापारी, सगळ्यांचा हात त्यात आहे. मी स्वतः फी घेऊन शिकवते आणि फी भरताना घराची किती ओढाताण होते, ते दर जूनमध्ये समोर बसून पाहते. रात्रपाळीचा ओव्हरटाइम कशासाठी केला, हे आईबापांनी न सांगता कळतं. म्हणून पाटणच्या दगडावरचं ते पळीभर तेल मला शोभेचा तपशील वाटत नाही. अंकपाश शिकणाऱ्या मुलाच्या दिव्यात कुणाचं तेल होतं, ते तिथे कोरून ठेवलं आहे. सार्वजनिक खर्चानं शिकवण्याची ही रीत आपल्या भागाला जुनी आहे आणि ती आपण सोडून द्यावी, हे मला मान्य नाही.

आता देवगिरीकडे परत येते, कारण या गोष्टीचं सर्वांत समृद्ध पान तिथलं आहे आणि ते गणिताच्या पुस्तकात नाही. सिंघणाच्याच दरबारात शार्ङ्गदेव होते. मूळ घराणं काश्मीरचं. आजोबा दक्षिणेत आले. त्यांचंही नाव भास्कर, पण ते वेगळे. वडील सोढल यादवांकडे हिशेबाच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि शार्ङ्गदेवही त्याच खात्याचे अधिकारी, श्रीकरणाधिप. दिवसा राज्याचा जमाखर्च पाहणाऱ्या या माणसानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही संगीतवाले त्याला आपला मानतात.

सात सूर, प्रत्येक एकदाच, असे फिरवले तर ५,०४० मांडण्या होतात. मूर्च्छना, म्हणजे सात सुरांचे सरळ क्रम, ५६ धरल्या, तर पूर्ण कूटतानांची, म्हणजे सूर उलटेपालटे केलेल्या तानांची संख्या २,८२,२४०, हा आकडा ग्रंथात आहे. पण मोठा आकडा देणं हे त्यांचं काम नव्हतं. ५,०४० ताना कुणी गाऊन पाहणार नाही. मग त्या हाताशी कशा ठेवायच्या? त्यांनी तीन गोष्टी दिल्या. एक, प्रस्तार: सगळ्या ताना ठरलेल्या क्रमानं लिहायची रीत. दोन, उद्दिष्ट: तान दिली की ती कितवी, ते सांगायचं. तीन, नष्ट: कितवी ते दिलं की तान काढायची. यातलं उद्दिष्ट म्हणजे आमच्या मुलांना घाम फोडणारा प्रश्न, की अमुक शब्दाची सगळी अक्षरं फिरवून डिक्शनरीच्या क्रमानं लावली, तर तो शब्द कितवा येईल.

तीन सुरांचा प्रस्तार असा होतो: सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. शेवटच्या सुराकडे पाहा. पहिल्या दोन ओळींत ग, मधल्या दोनांत रे, शेवटच्या दोनांत सा. शेवटचा सूर सर्वांत सावकाश बदलतो. हे एकदा दिसलं की कितीही सूर असोत, हिशेब शेवटाकडून सुरू करायचा.

चार सुरांत 'म सा रे ग' ही तान कितवी? चोवीस तानांचे सहा-सहाचे चार गट पडतात: शेवटी म असलेला पहिला, मग ग, मग रे, मग सा. आपल्या तानेच्या शेवटी ग आहे, म्हणजे मचा सहाचा गट मागे पडला. सहा. उरले म सा रे. तीन सुरांचे गट दोन-दोनाचे. शेवटी रे, म्हणजे मचा एक गट गेला. दोन. उरले म सा. शेवटी सा, म्हणजे एक तान मागे गेली. सहा, दोन, एक: नऊ ताना आधी झाल्या, ही दहावी. शार्ङ्गदेवांनी हे आकडे एका पायऱ्यापायऱ्यांच्या कोष्टकात भरून ठेवले, त्याला खंडमेरू म्हणतात. त्याच्या घरांत खडे ठेवायचे, सुराच्या जागेप्रमाणे खडा खाली सरकवायचा, आणि खडे ज्या घरांत थांबले तिथल्या आकड्यांची बेरीज केली की तानेचा नंबर हातात. वही-पेन नसलेला गवई जमिनीवर रेघा मारून हे करू शकेल. भास्कराचार्यांनी निवडीचा उपयोग सांगताना खंडमेरूचं नाव शिल्पाच्या संदर्भात घेतलं आहे. तेच नाव देवगिरीत सुरांच्या कामी आलं.

मी हा खंडमेरू पुठ्ठ्यावर काढून टेबलावर ठेवला आहे. खडे म्हणून चिंचोके. शब्दाचा नंबर काढायचा प्रश्न जी मुलं सूत्रानं कधीच सोडवत नव्हती, ती चिंचोके सरकवून सोडवतात, आणि थोड्या सरावानं पुठ्ठ्याकडे न बघता मनातल्या मनात. एक मुलगा पेटी शिकायचा, त्यानं आपल्या गुरुजींना ही रीत दाखवली. गुरुजी म्हणाले, आम्हाला मेरुखंड म्हणून ठाऊक आहे, पलटे त्यावरच घोटतो. अमीरखाँसाहेबांच्या गायकीची चर्चा मेरुखंडाशिवाय होत नाही, हे मला संगीतवाल्यांकडूनच कळलं. गणित सोडून गेलेली गोष्ट गळ्यांनी सांभाळली.

यादवांचं राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपलं. 'लीलावती' मात्र चालत राहिली. १३५६ मध्ये नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी'त अंकपाशाचं प्रकरण पुष्कळ वाढवलं. १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. १५८७ मध्ये फैजीनं अकबरासाठी तिचं फारसी भाषांतर केलं. घटिकापात्रात मोती अडकून लग्नघटका चुकलेल्या लेकीची गोष्ट आपण त्याच्या प्रस्तावनेमुळे सांगतो. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरचं इंग्रजी भाषांतर छापलं, पुढच्या वर्षी कोलब्रुकचं. मराठीत प्रा. ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' १९७१ चं. अंकपाश समजून घ्यायचा असेल त्यानं ते मिळवावंच.

एक आक्षेप मला पालकांकडून नेहमी येतो. नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत, तिथे प्रस्तार मांडत बसायचं का? परीक्षेत नाही बसायचं. जुलै-ऑगस्टमध्ये बसायचं. तीन वस्तूंचे सहा, चार वस्तूंचे चोवीस, सहा रसांतल्या जोड्यांचे पंधरा, हे हातानं लिहिलेलं मूल डिसेंबरात प्रश्न वाचतानाच सांगतं की इथे क्रम पुसला जातो का. त्याला सूत्र आठवायला वेळ लागत नाही, कारण सूत्र त्यानं लिहिलेल्या यादीतूनच आलेलं असतं. बारावीच्या प्रॉबॅबिलिटीत त्याचा पाय घसरत नाही. ज्यानं धडा ऑप्शनला टाकला, तो तिथेही अडखळतो, आणि तेव्हा मागे जायला वेळ उरलेला नसतो. दरवर्षी हे पाहते आहे.

शहरातल्या शाळा-कॉलेजांच्या सहली देवगिरीला जातात, वेरूळला जातात आणि घाटाच्या अलीकडूनच परत फिरतात. अकरावीची सहल पाटणादेवीपर्यंत न्यावी, असं माझं सगळ्या गणित शिक्षकांना सांगणं आहे. पावसाळ्यानंतर डोंगर हिरवा असतो. शिलालेखाची लिपी नागरी आहे. शेवटच्या मराठी ओळींतली काही अक्षरं पोरांना लागतात, वाचन आधी छापून हातात दिलं तर अर्थही लागतो. जाताना देवगिरीच्या पायथ्याशी अर्धा तास थांबून चार सुरांच्या चोवीस ताना प्रत्येकाकडून लिहून घ्याव्यात. घाट उतरेपर्यंत गाडीत एकमेकांना नष्ट आणि उद्दिष्ट विचारायला तेवढं सामान पुरतं.